एमसीबी सारखा पडतोय, मग मोठा टाकायचा का? इंडक्शन शेगडीसाठी योग्य ब्रेकर कसा निवडायचा

(या भागाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून हा भाग वाचून जतन करून ठेवा. वायरमन घरी येईल तेव्हा उपयोगी पडेल.)

 

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे पुढे ढकलता आला नाही. नागपूरहून एका ताईंनी पाठवलाय. त्या म्हणतात, "दादा, आमच्या किचनचा एमसीबी स्वयंपाक सुरू झाला की अर्ध्या तासात पडायचा. वायरमन आला, त्याने १६ चा काढून ३२ चा बसवला. तेव्हापासून एकदाही पडला नाही. फक्त इंडक्शनच्या प्लगजवळ थोडा वास येतो. चालेल ना?"

ताई, नाही चालणार. हा भाग पूर्ण ऐकायच्या आधी एक करा. इंडक्शन बंद करा, किचनचा एमसीबी खाली करा आणि दुसरा, परवाना असलेला वायरमन बोलवा. वास येतोय म्हणजे तिथे काहीतरी प्रमाणाबाहेर तापतंय. आणि ते थांबवण्यासाठी जो माणूस पहाऱ्यावर होता, त्यालाच आपण झोपेची गोळी दिली आहे.

आता बाकीच्यांसाठी सविस्तर. कारण हे फक्त त्या ताईंच्या घरी झालेलं नाही. "पडतोय ना? मग मोठा टाका" हा सल्ला मी पुण्यात ऐकलाय, नाशिकला ऐकलाय, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर दर उन्हाळ्यात ऐकतो.

एमसीबी नेमकं कोणाला वाचवतो?

बहुतेकांना वाटतं, एमसीबी इंडक्शनला वाचवतो. किंवा आपल्याला वाचवतो. खरं तर त्याचं मुख्य काम एकच आहे. तो भिंतीतली वायर वाचवतो.

वायरमधून करंट गेला की ती थोडी तापते. आणि इथे गणित जरा फसवं आहे. करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट करंट, नऊपट उष्णता. वायरीवरचं पीव्हीसीचं आवरण साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंत काम करण्यासाठी बनवलेलं असतं. त्याच्या वर रोज थोडं थोडं तापत राहिलं की ते कडक होतं, तडकतं, आणि एक दिवस आतलं तांबं उघडं पडतं. हे सगळं भिंतीच्या आत, पाइपात चालतं. तुम्हाला दिसत नाही. म्हणूनच तिथे पहारेकरी लागतो.

म्हणजे एमसीबीचा आकडा हा वायरीला दिलेला शब्द आहे: "तुझ्या ताकदीबाहेरचा करंट मी फार वेळ जाऊ देणार नाही." वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला की तो शब्द मोडला.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. आधी शेगडी किती करंट ओढते ते बघायचं. मग तेवढा करंट आरामात झेलेल अशी वायर घ्यायची. आणि शेवटी त्या वायरीला शोभेल असा एमसीबी. आपण नेमकं उलटं करतो. वायर आहे ती आहे, शेगडी नवीन आणली, आणि मधला एमसीबी बदलत बसलो.

आधी वॅट, मग अँपिअर

शेगडी उलटी करून बघा. खाली एक स्टिकर असतो, त्यावर वॅट लिहिलेले असतात. त्याला २३० ने भागा, कारण आपल्या घरातला दाब २३० व्होल्टचा. जे उत्तर येईल ते अँपिअर. मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरे.

१२०० वॅटची छोटी इंडक्शन: ५.२ अँपिअर.
१८०० वॅट: ७.८ अँपिअर.
२००० वॅट: ८.७ अँपिअर.
१५०० वॅटचा ओटीजी किंवा किटली: ६.५ अँपिअर.
७५० वॅटचा मिक्सर: ३.३ अँपिअर.
ओट्यात बसवायची ३५०० वॅटची दोन चुलींची इंडक्शन: १५.२ अँपिअर.

मिक्सर दोन-तीन मिनिटं चालतो. शेगडी तासभर चालते. भात, वरण, भाजी, वर दोन पोळ्या गरम करायच्या. एवढा वेळ चालणाऱ्या वस्तूसाठी हिशोब अगदी काठावर ठेवायचा नाही. आलेल्या अँपिअरमध्ये साधारण पाव भाग वाढवा. २००० वॅटच्या शेगडीचे ८.७ आले, पाव भाग धरला की जवळपास ११. म्हणजे १० चा एमसीबी काठावर, आणि १६ चा योग्य. ३५०० वॅटसाठी १५.२ चे झाले १९. तिथे १६ चा अपुरा, २० चा बरोबर.

इथपर्यंत सोपं आहे. पण हे अर्धंच उत्तर आहे, कारण अजून वायर बघितलेली नाही.

दीडची, अडीचची, चारची

दुकानात कोणी "चौरस मिलिमीटर" म्हणत नाही. दीडची वायर, अडीचची वायर, चारची वायर असंच म्हणतात. हा आकडा आतल्या तांब्याची जाडी सांगतो. जुने वायरमन अजूनही तीन-बावीस, सात-वीस अशी नावं घेतात. सात-वीस म्हणजे २० गेजच्या सात तारा. समोरचा त्या भाषेत बोलला तर बिनधास्त विचारा, "काका, आताच्या हिशोबाने ही किती एमएमची?"

वायर किती करंट झेलते, हे ती उघड्यावर आहे की भिंतीतल्या पाइपात, पाइपात आणखी किती वायरी आहेत, खोली किती गरम आहे, यावर ठरतं. नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यात मिळतो. तांब्याची वायर पाइपातून गेली असेल तर अंदाज असा ठेवा:

दीडची: साधारण १३ ते १६ अँपिअर. हिला १० चा एमसीबी.
अडीचची: साधारण १८ ते २२. हिला १६ चा.
चारची: साधारण २४ ते ३०. हिला २० चा. तक्ता बघून २५ चाही चालू शकतो.
सहाची: साधारण ३१ ते ३८. हिला २५ चा, आणि तक्ता परवानगी देत असेल तरच ३२ चा.

म्हणजे घरातल्या नेहमीच्या २००० वॅटच्या इंडक्शनला काय लागतं? डीबीपासून थेट ओट्यापर्यंत अडीचची तांब्याची स्वतंत्र वायर, तेवढ्याच जाडीचा न्यूट्रल, हिरवी अर्थिंगची वायर, १६ चा एमसीबी आणि १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट. पॉवर पॉइंट म्हणजे तो मोठ्या तीन भोकांचा. बस, एवढंच.

दोन चुलींच्या ३५०० वॅटच्या शेगडीला चारची वायर आणि २० चा एमसीबी. ही शेगडी प्लगवर चालवू नका. कंपनी सांगते तशी थेट जोडणी करून घ्या, कारण पॉवर पॉइंटची मर्यादा १६ अँपिअर आहे आणि आपण रोज तिच्या अगदी काठावर राहू. ६ आणि ७ हजार वॅटच्या चार चुलींच्या मोठ्या शेगड्यांसोबत जोडणीचा नकाशा येतो. काहींना दोन वेगळ्या लाइन देता येतात, काहींमध्ये एकूण ताकदीवर मर्यादा घालता येते. तिथे अंदाज नको. तो कागद वायरमनच्या हातात द्या.

जुन्या इमारतींत अॅल्युमिनियमच्या वायरी असतात. अॅल्युमिनियम तेवढ्याच जाडीत तांब्यापेक्षा कमी करंट झेलतं, आणि सांध्यात लवकर सैल पडतं. वरचा तक्ता तिथे लागू नाही. अशा घरात शेगडीसाठी नवी तांब्याची लाइनच ओढायची. जुन्या तुकड्याला तांब्याचा तुकडा पिळून जोडायचा नाही.

१६ चा एमसीबी १६ ला पडत नाही

हे ऐकून बरेच जण चमकतात. आपल्याला वाटतं, १६.१ अँपिअर झाले की खट् आवाज आला पाहिजे. तसं नसतं.

एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. एक हळू, एक झटपट. हळू यंत्रणा म्हणजे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी. करंट वाढला की ती तापते, वाकते, आणि पुरेशी वाकली की खटका सोडते. झटपट यंत्रणा म्हणजे वायरीचं वेटोळं, म्हणजे चुंबक. शॉर्ट सर्किट झालं की ते एका झटक्यात खटका ओढतं.

घरगुती एमसीबीचं मानक आयएस/आयईसी ६०८९८ असं सांगतं: लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पटीवर एमसीबीने तासभर पडायचं नाही. १.४५ पटीवर मात्र तासाभरात पडलंच पाहिजे. १६ च्या एमसीबीचा हिशोब करा. १८ अँपिअरवर तो तासभर शांत राहू शकतो. २३ च्या पुढे गेलं तर तासाच्या आत पडणार. मधल्या पट्ट्यात कधी पडेल ते सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट. ही मापं ३० अंश तापमान धरून ठरवलेली असतात. डीबी जिथे असतो तिथे मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला किती अंश असतात ते मी सांगायला नको! बाहेर ४५, आणि बंद डब्यात शेजारी शेजारी तापलेले एमसीबी. आतली पट्टी आधीच गरम, त्यामुळे ती लवकर वाकते. उन्हाळ्यात "उगाच" पडणारा एमसीबी बहुतेक वेळा उगाच पडत नसतो.

ताईंच्या घरी काय झालं असावं

ताईंना मी उलटा मेसेज करून काही प्रश्न विचारले. किचनमध्ये सगळं मिळून एकच एमसीबी. वायर अडीचची. त्यावर २००० ची इंडक्शन, १५०० चा ओटीजी आणि ७५० चा मिक्सर. तिन्ही एकदम चालू असले की ४२५० वॅट, म्हणजे साडेअठरा अँपिअर.

आता वरचा आकडा आठवा. १८ पर्यंत तो गप्प राहू शकतो. साडेअठरा म्हणजे मधला पट्टा, त्यात नागपूरचा उन्हाळा. म्हणून पट्टी हळूहळू तापत गेली आणि अर्ध्या तासाने एमसीबी पडला. तो खराब नव्हता. तो अगदी बरोबर काम करत होता.

मग ३२ चा बसवल्यावर काय बदललं? घरातला करंट तोच राहिला, पण आता ओलांडायची रेषा कुठे गेली बघा. ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर तासभर जाऊ देऊ शकतो. तासाभरात पडण्याची सक्ती आहे ती ४६ अँपिअरला. आणि खाली वायर तीच अडीचची, साधारण २० अँपिअरची. २० च्या वायरीतून ३६ गेले तर उष्णता किती? १.८ चा वर्ग, म्हणजे तिपटीहून जास्त. उद्या पाहुणे आले, कोणी किटली लावली, कोणी हीटर लावला, तरी आता घरात कोणी "थांबा" म्हणणारं उरलेलं नाही.

आणि प्लगजवळचा वास? पॉवर पॉइंट १६ अँपिअरचा असतो, त्याच्या मागे स्क्रू असतो. तो स्क्रू सैल असेल किंवा सॉकेटच्या आतली पकड ढिली झाली असेल, तर तिथे रोध वाढतो आणि सगळी उष्णता त्या एका टिचभर जागेत साठते. हे तर शेगडीच्या ८.७ अँपिअरवरही होऊ शकतं आणि कुठलाच एमसीबी ते ओळखत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. म्हणून मंडळी, नाक आणि हात हीसुद्धा सुरक्षेची साधनं आहेत. तासभर स्वयंपाक झाल्यावर शेगडी बंद करा, प्लगच्या बाहेरच्या प्लॅस्टिकवर हात ठेवून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, पिवळट किंवा काळं पडलं असेल, वास असेल, तर वापर बंद. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला.

ताईंसाठी उपाय असा. ३२ चा काढून परत १६ चा बसवायचा. काळं पडलेलं सॉकेट बदलायचं, मागच्या वायरीचं जळकं टोक कापून नवं करायचं. आणि इंडक्शनसाठी डीबीपासून वेगळी अडीचची लाइन, वेगळा १६ चा एमसीबी. जुन्या लाइनवर ओटीजी आणि मिक्सर सुखाने चालतील. यात खरा खर्च वायर ओढण्याचा आणि मजुरीचा, एमसीबी त्यामानाने स्वस्त असतो. वेगळी लाइन होईपर्यंत इंडक्शन चालू असताना ओटीजी लावायचा नाही, एवढा नियम घरात पाळायचा.

बी की सी? एक खटका की दोन?

एमसीबीवर आकड्याच्या आधी एक अक्षर असतं. ते झटपट यंत्रणेबद्दल आहे. बी असेल तर आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला तो क्षणात पडतो. सी असेल तर ५ ते १० पट. डी १० ते २० पट, आणि तो घरच्या किचनचा विषय नाही.

शेगडी सुरू होताना मोटारीसारखा मोठा झटका घेत नाही, त्यामुळे बी पुरतो. दुकानात सी सहज मिळतो आणि तोही चालतो. फरक कुठे पडतो? डीबीपासून ओटा लांब असेल, वायरीचा रोध जास्त असेल, तर शॉर्ट सर्किटचा करंट कमी भरतो. बी १६ ला खात्रीने पडायला ८० अँपिअर लागतात, सी १६ ला १६०. त्यामुळे शेगडीच्या लाइनला पर्याय असेल तर मी बी घेईन.

त्याच्या अंगावर चौकोनात ६००० किंवा १०००० असा आकडा असतो. शॉर्ट सर्किटच्या वेळी किती अँपिअर तो न फुटता तोडू शकतो, ते हा आकडा सांगतो. आयएसआय चिन्ह बघा, बिल घ्या. नकली माल बाजारात आहे आणि नकली एमसीबी बाहेरून अगदी खऱ्यासारखाच दिसतो.

थेट जोडलेल्या मोठ्या शेगडीला दोन खटक्यांचा, म्हणजे डीपी एमसीबी घ्या. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. दुरुस्तीला आलेल्या माणसासाठी ते जास्त सुरक्षित.

माणसाला वाचवणारा वेगळा असतो

आता सगळ्यात महत्त्वाचं. एमसीबी वायरीला वाचवतो म्हणालो, मग आपल्याला कोण वाचवतं?

समजा शेगडीच्या आत वायर सुटून धातूच्या भागाला लागली. घराला अर्थिंगचा खड्डा आहे आणि त्या वाटेचा रोध १० ओहम आहे. २३० भागिले १०, म्हणजे जमिनीत २३ अँपिअर जातील. १६ चा एमसीबी २३ अँपिअरला कधी पडतो? आपण आत्ताच बघितलं, तासभरसुद्धा लागू शकतो. आणि तेवढा वेळ शेगडीला हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

म्हणून आरसीसीबी हवा, ३० मिलिअँपिअरचा. तो फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतोय का, ते सतत बघत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट तुमच्या अंगातून किंवा कुठूनतरी जमिनीत गळतोय, की तो ०.३ सेकंदाच्या आत लाइन तोडतो. गळती मोठी असेल तर त्याहून लवकर.

पण त्याला ओव्हरलोड कळत नाही. त्यावर ४० किंवा ६३ लिहिलेलं असतं, तो आकडा तो किती करंट वाहू शकतो एवढाच. म्हणून दोन्ही लागतात, एमसीबीही आणि आरसीसीबीही. दोन्ही कामं एकाच डब्यात करणारा आरसीबीओ मिळतो. डीबीत जागा कमी असेल तर शेगडीच्या लाइनला तो छान.

आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर बदला. घरात दहा वर्षं असून एकदाही न दाबलेलं हे बटण मी कितीतरी घरांत बघितलंय.

आणि अर्थिंग? जुन्या चाळींत, वाड्यांत तिसरी वायरच नसते. काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून मोकळे होतात. हे अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल मध्येच कुठे तुटला, तर शेगडीच्या धातूच्या भागावर पूर्ण २३० व्होल्ट येतात, तेही शेगडी अगदी ठणठणीत असताना.

भाड्याच्या खोलीत, पीजीत काय करायचं?

तुमच्यापैकी निम्मे जण इथेच असतील, माहितीय मला. घर आपलं नाही, डीबी बाहेर जिन्यात, मालक फोन उचलत नाहीत.

पहिला नियम, मोठ्या पिनेला छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर शेगडीसाठी वापरायचा नाही. छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, त्याच्या मागे बहुधा दीडची किंवा त्याहून बारीक वायर. २००० वॅटची शेगडी तिथे ८.७ ओढणार. आणि त्या लाइनचा एमसीबी १० चा असेल तर तो पडणारच नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं ठीक आहे.

दुसरा नियम, एक्स्टेंशन बोर्ड नको. साध्या एक्स्टेंशनची वायर फार बारीक असते. भिंतीतला १६ चा एमसीबी भिंतीतली अडीचची वायर सांभाळतोय. पुढे जमिनीवर गुंडाळलेल्या त्या बारीक वायरीची त्याला खबरच नाही.

तिसरा, भिंतीत पॉवर पॉइंट असेल तर थेट तिथेच लावा, आणि त्याच लाइनवर गीझर आहे का ते मालकांना विचारा. २००० चा गीझर आणि २००० ची शेगडी मिळून साडेसतरा अँपिअर होतात. आंघोळ आणि पोहे एकाच वेळी नको. पॉवर पॉइंट नसेल तर तो करून द्यायला मालकांना सांगा. तोपर्यंत त्या खोलीत २००० वॅटची शेगडी नको, एवढं माझं ऐका.

कधी पडला, त्यावरून कारण ओळखा

बटण दाबताक्षणी एमसीबी पडला: शॉर्ट सर्किट. शेगडी काढून एकदाच वर करून बघा. तेव्हा पडला नाही तर दोष शेगडीत, पडला तर वायरिंगमध्ये.

वीस-तीस मिनिटांनी पडला: लोड जास्त, किंवा एमसीबीचा स्क्रू सैल होऊन तो तिथेच तापतोय.

आरसीसीबी पडला, एमसीबी नाही: कुठेतरी गळती आहे. ओटा धुतल्यावर, दूध उतू गेल्यावर हे हमखास होतं. शेगडी पूर्ण सुकू द्या. तरी पडत असेल तर दुरुस्तीला द्या.

पडलेला एमसीबी पुन्हा पुन्हा वर ढकलत बसू नका. एकदा ठीक आहे. दुसऱ्यांदा पडला की कारण शोधा. आणि डीबीचं झाकण तुम्ही उघडू नका. मेन स्विच बंद केला तरी वरच्या बाजूला वीज असते.

वायरमनला विचारायचे पाच प्रश्न

वाचणाऱ्यांनी याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा:

१. शेगडी किती अँपिअर ओढते, आणि ही लाइन फक्त तिचीच आहे का?
२. डीबीपासून सॉकेटपर्यंत वायर किती एमएमची आहे? मध्ये कुठे बारीक तुकडा जोडलेला नाही ना?
३. एमसीबीचा आकडा या वायरीच्या ताकदीपेक्षा कमी आहे ना?
४. अर्थिंग खरंच आहे का? मोजून दाखवा.
५. आरसीसीबी या लाइनच्या वर येतो का? टेस्टचं बटण दाबून दाखवा.

सहावा प्रश्न तुमच्या वीजबिलासाठी. बिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो. तो १ किलोवॅट असेल आणि घरात २ किलोवॅटची शेगडी येत असेल, तर भार वाढवण्याचा अर्ज करा. मीटरपासून घरापर्यंतची वायर आणि मेन स्विच तेवढ्या तयारीचे आहेत का, हेही त्याच वेळी तपासून घ्या.

जो वायरमन या प्रश्नांना नीट उत्तरं देतो, त्याचा नंबर जपून ठेवा. जो म्हणतो "काही नाही हो, मोठा टाकतो, पडणारच नाही," त्याला चहा पाजा आणि नमस्कार करा.

तर मंडळी, आज एवढंच. घरी जाऊन डीबी बघा, किचनच्या एमसीबीवर काय आकडा आहे तो वाचा, आणि त्याच्या मागे कितीची वायर आहे ते विचारा. तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजने पाठवा, वॅट आणि वायर दोन्ही सांगा म्हणजे मला उत्तर देता येईल. हा भाग पीजीत राहणाऱ्या मित्राला नक्की पाठवा. पुढच्या भागात गीझर आणि इन्व्हर्टर. तोपर्यंत सांभाळून राहा, आणि महिन्यातून एकदा ते टेस्टचं बटण दाबा!